भरलेला प्याला

१

चहा ओतताना माझं लक्ष कधीच हातांकडे नसतं. समोवारपाशी, म्हणजे चहाचं पाणी उकळत ठेवणाऱ्या तोटीच्या भांड्यापाशी बसायचं, रिकामे प्याले हातोहात माझ्याकडे येतात, मी थोडं दूध, थोडा कडक चहा आणि वर गरम पाणी घालून ते परत पाठवते. थोडंच. प्याला अर्ध्याच्या वर गेला असता तर माझ्या सासूने माझा हातच धरला असता. थोडा ओतला म्हणजे बस अजून, गप्पा मार, तू आम्हाला हवा आहेस. काठोकाठ भरला म्हणजे झालं तुझं, आता ऊठ. एका चिकट व्याह्याला तिने असं एकाच प्याल्यात घराबाहेर काढलं होतं, तेही तोंडाने ‘घ्या ना अजून’ म्हणत.

त्या संध्याकाळी आम्ही दोघंच होतो, मी आणि माझा नवरा येर्मेक. मुलगी आइगानिम लग्न होऊन अस्तानाला गेलेली. नव्या घराचा दिवाणखाना एवढा मोठा की दोघांचं बोलणं त्यात हरवतं, म्हणून मी कोपऱ्यातला एकच दिवा लावते आणि खाली दस्तरखान, म्हणजे जेवणाचं कापड, पसरते. तोरवर, म्हणजे दारासमोरच्या भिंतीलगतच्या मानाच्या जागी, माझी नवी ठिगळांची गादी अंथरलेली होती. तिथे पाहुण्याने बसायचं. घरच्यांनी कडेला. येर्मेक कडेला बसून नव्या इमारतीच्या खिडक्यांबद्दल काहीतरी सांगत होता, प्याले येत होते आणि मी ओतत होते.

उठून भांडी स्वयंपाकघरात नेली तेव्हा पाहिलं, तर प्याले तीन होते. तिन्ही वापरलेले, तिन्ही अजून कोमट.

“येर्मेक, तू दोन प्याले घेतलेस का?”

“मला काय दोन तोंडं आहेत?” तो आतून म्हणाला. “तू देत होतीस, मी पुढे सरकवत होतो.”

“पुढे म्हणजे कुणाला?”

थोड्या वेळाने टीव्हीचा आवाज आला.

मी निम्मं आयुष्य शाळेत भौतिकशास्त्र शिकवण्यात घालवलं आहे. एका जास्तीच्या प्याल्याने घाबरणारी बाई मी नव्हे. मुलगी इथे होती तोवर रोज तीन प्याले लागायचे, हाताला सवय असते, उरलं ते विसरभोळेपण, असं मी स्वतःला समजावलं आणि नळ सोडला. मग तिसऱ्या प्याल्याच्या तळाशी पांढरा चिकट थर दिसला. बोट लावून चाटून पाहिलं. आंबट आणि खारट. कुर्त होता तो, दह्याचा वाळवलेला गोळा, आमच्याकडे मुलं खिशात घालून चघळत हिंडतात तो.

चहात कुर्त विरघळवून पिणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला होता. आणि त्याला आम्ही पानगळीतच पुरून आलो होतो.

२

बेइसेन आगा, म्हणजे बेइसेनदादा, येर्मेकचे दूरचे चुलत भाऊ. पण आम्हा कझाखांत सात पिढ्यांपर्यंतचा माणूस घरचाच धरतात, आणि तो पैसेवाला असला तर आठव्या पिढीचाही. लहानपणी घरात खायला नव्हतं तेव्हा ते म्हणे कुर्त भिजवलेल्या पाण्यावर दिवस काढायचे. पुढे त्यांनी गव्हाचा धंदा केला, मग हॉटेलं बांधली, मग अर्ध्या अल्माटीवर त्यांचं नाव लागलं. चहात कुर्त टाकायची सवय मात्र सुटली नाही.

त्यांच्याकडे जेवायला गेलं की कुणी रिकाम्या हाताने परतत नसे. उरलेल्या मिठाया, मांस, पुऱ्या, सगळं पिशव्यांत भरून न्यायचं. भाग्यवान माणसाचं उष्टं घरी नेलं की त्याच्या भाग्याचा अंश येतो, हे आमच्यात लहान पोरालाही माहीत. माझी नणंद शार्बान तर त्यांनी ठेवलेल्या प्याल्यातला गाळसुद्धा सोडत नसे. “आगा, तेवढा घोट ठेवा हं माझ्यासाठी,” असं ती तोंडावर म्हणायची आणि आगा हसून प्याला तिच्याकडे सरकवायचे. ते हसणं आता आठवलं की वाटतं, ते फक्त ओठांचं होतं.

ते गेले तेव्हा ‘हृदय बंद पडलं’ असं घरच्यांनी सांगितलं. माती मात्र फार घाईने झाली.

अशा मोठ्या माणसाच्या मागे कापडाचे तुकडे फाडून वाटतात. जेवढा माणूस मोठा, तेवढी झुंबड. त्या दिवशी कुणीतरी आगांचा निळा मखमली झगाच बाहेर काढला आणि बायका तुटून पडल्या. मीही पडले, खोटं कशाला बोलू? शार्बानचं कोपर माझ्या बरगडीत आणि माझा पाय तिच्या पायावर, अशा अवस्थेत माझ्या हाती तळहाताएवढा एक तुकडा लागला.

आगांची बायको झौरेश भिंतीकडे तोंड करून बसली होती. मी तिच्या जवळून निघाले तेव्हा तिने माझ्या मुठीकडे पाहिलं.

“नको नेऊस, कुल्याश,” ती हळूच म्हणाली.

मला वाटलं, एवढी श्रीमंत बाई आणि चिंधीसाठी जीव तुटतोय हिचा. मी तुकडा घरी आणला आणि नव्या गादीच्या बरोबर मध्यभागी शिवला.

मग दिवस पालटले. येर्मेकचं खिडक्या बसवायचं छोटंसं दुकान होतं, दोन कामगार आणि एक खडखडती गाडी. महिन्याभरात त्याला एका अख्ख्या इमारतीचं काम मिळालं, मग दुसरीचं. ज्यांनी कधी फोन उचलला नव्हता ते स्वतः फोन करू लागले. आम्ही उंच मजल्यावरच्या या घरात आलो, समोर सगळा बर्फाचा डोंगर. मला आनंद झाला. फार आनंद झाला. त्या तुकड्यावरून हात फिरवून मी आगांना रोज दुवा देत होते.

३

तिसऱ्या प्याल्यानंतर मी लक्ष ठेवू लागले, आणि लक्ष ठेवलं की माणसाला दिसायला लागतं, हेही मला ठाऊक आहे. तरी सांगते.

तोरवरची गादी रोज सकाळी मी झटकून सपाट करत असे. दुपारी तिच्या मध्यभागी खळगा पडलेला असे. कुणी मांडी घालून बराच वेळ बसून उठावं, तसा. लोकर नवी आहे, दबते, मी म्हटलं. मग मी दुसरी गादी आणून शेजारी अंथरली, त्याच लोकरीची, त्याच दिवशी भरलेली. ती सपाट राहिली.

आवाज अगदी साधे होते. घर उबदार ठेवणारे भिंतीलगतचे गरम पाण्याचे नळ तापताना टिकटिकतात, तो एक. आणि दुसरा, दिवसाउजेडी, मी स्वयंपाकघरात असताना, चिनी मातीचा प्याला जमिनीवर सरकवल्याचा. एकदाच सरकायचा आणि थांबायचा. कुणी आपला रिकामा प्याला ओतणारीकडे लोटावा आणि ती बघेल म्हणून वाट पाहावी, तेवढाच. मी हात पुसत बाहेर येई तर दस्तरखान गुंडाळलेलं, प्याले कपाटात. मला भीती वाटू लागली होती. ती मी कुणाला सांगितली नाही, कारण शाळेत असलं काही सांगणाऱ्या बायकांना मी स्वतःच हसले होते.

पण माझी खरी भीती गादीची नव्हती, येर्मेकची होती.

माझा नवरा म्हणजे बडबड्या माणूस. लग्नात वऱ्हाडाला हसवून हसवून त्याने आमच्या मुल्लालाही हसू लपवायला मान खाली घालायला लावली होती. मला तो ‘बायबिशे’ म्हणतो, जुन्या काळच्या सरदारांच्या थोरल्या बायकोला म्हणत तसं. “थोरली तूच, धाकटी मिळाली की कळवतो,” हा विनोद मी इतकी वर्षं ऐकत आले. तो विनोद बंद झाला. फोन आले की तो सगळ्यांना हो म्हणायचा, आवाज गोड, आणि फोन ठेवला की तसाच भिंतीकडे बघत बसायचा. भाचे येत, पुतणे येत, शार्बानचा नवरा येई. कुणाला गाडी हवी, कुणाला नोकरी, कुणाला नुसता ‘आशीर्वाद’. जाताना सगळे त्याच्या पानातलं उरलेलं बांधून नेत. “भाग्यवान माणूस!” म्हणत. पहिल्यांदा आमच्या घरचं उष्टं लोकांनी नेलं तेव्हा मी कौतुकाने पिशव्या शोधून दिल्या होत्या.

एका संध्याकाळी त्याने कुर्ताचा गोळा चहात टाकला.

“हे काय नवीन?” मी विचारलं.

“नवीन कुठे? मी असाच तर पितो.”

त्याने चमच्याने तो ढवळला. त्याला खरंच वाटत होतं की तो असाच पितो.

त्याच आठवड्यात मला दिसलं की दिवाणखान्यातल्या मोठ्या खिडकीचं हँडल नाही. नुसतं भोक. झोपायच्या खोलीत पाहिलं, तिथेही नाही. सगळ्या घरात एकाही खिडकीला हँडल नव्हतं. खिडक्या बसवणाऱ्याच्या घरात! मी विचारलं तर म्हणाला, “माल खराब होता. बदलून आणतो.” दोन दिवसांनी पीठ घ्यायला डबा उघडला तर हात कशालातरी लागला. सगळी हँडलं पिठात पुरलेली होती. मी ती बाहेर काढली नाहीत. झाकण लावलं आणि बाजारातून पाव आणला.

४

“तुला काय होतंय?” मी त्याला शेवटी विचारलं. रविवार होता, बाहेर धुक्यात डोंगर दिसत नव्हता. “डॉक्टरकडे जाऊ या का?”

“डॉक्टर काय करणार? तब्येत घोड्यासारखी आहे.”

“मग काय कमी आहे?”

हे मी विचारलं, आणि विचारताना मला वाटलं की हा प्रश्न मी कुठेतरी ऐकला आहे. आगांच्या घरी सगळे त्यांना हेच म्हणत असत. तुम्हाला काय कमी आहे, आगा!

येर्मेक तोरकडे वळून बसला. मग म्हणाला, “कमी नाहीच ना काही, तेच सांगतोय. पूर्वी काही बिघडलं की म्हणायचो, पैसे आले की ठीक होईल. आता पैसे आले. आता काय म्हणू?”

“असं बोलू नकोस.”

“बघ. बोलू नकोसच म्हणणार तू. सगळेच म्हणतात.” तो तोरकडे बघत होता. “कुल्याश, आपण इतकी वर्षं आगांकडे जात होतो. पिशव्या भरभरून आणल्या. त्यांना कुणी कधी विचारलं का गं, तुम्ही कसे आहात?”

मी आठवून पाहिलं. ‘बरे आहात ना’ असं सगळे विचारायचे, दारातून आत येता येता, चपला काढता काढता. उत्तरासाठी मात्र कुणी थांबत नसे.

“आता का आठवले ते तुला?”

“आठवले कुठे?” येर्मेक म्हणाला. “शेजारीच बसलेले असतात.”

तो हे विनोदाने म्हणाला असेल, असं समजून मी हसायचा प्रयत्न केला. त्याच्या तोंडावर हसू नव्हतं.

५

दुसऱ्या दिवशी तो कामावर गेला आणि मी ठरवलं की पुरे झालं.

घाबरलेल्या माणसाला काहीतरी करायला हवं असतं. मी कात्री घेतली आणि गादीवरून निळा तुकडा उसवून काढला. टाके माझेच, घट्ट. कात्री सरकत नव्हती. तुकडा निघाला तेव्हा मला दिसलं की त्याच्या खालची लोकर कोमट आहे. ऊन नव्हतं, आणि गादी नळापासून लांब होती.

तुकडा झौरेशला परत द्यायचा हे ठरलेलं होतं. पण जो बसला आहे त्याने आधी उठायला हवं. हे मी, भौतिकशास्त्राची मास्तरीण, माझ्या दिवाणखान्यात उभी राहून गंभीरपणे ठरवत होते, आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं. पाहुण्याला न दुखवता उठवायचा एकच मार्ग मला माहीत होता.

समोवार पेटवला. दस्तरखान पसरलं. चांगल्यातला प्याला काढला आणि तोरसमोर ठेवला. मग ओतू लागले. अर्धा झाला, अर्ध्याच्या वर गेला. सासूने धरला असता तसा माझा हात मनगटाशी जड झाला, तरी मी ओतलं. चहा अगदी काठाला येऊन थांबला. एक कुर्तही आत टाकला, मान म्हणून.

“घ्या आगा,” मी म्हटलं. “पुष्कळ बसलात. आता निघा.”

नळांची टिकटिक थांबली होती. गादीतला खळगा माझ्या डोळ्यांदेखत हळूहळू वर आला, आणि गादी सपाट झाली. मी कोट चढवला, तुकडा खिशात घातला आणि मागे न बघता दार ओढून घेतलं. लिफ्टमध्ये मला रडू आलं, पण ते सुटकेचं होतं.

६

झौरेश एवढ्या मोठ्या घरात स्वयंपाकघरातल्या खाटेवर राहत होती. बाकीच्या खोल्यांना कुलपं. मला पाहून तिला नवल वाटलं नाही.

“कापड परत आणलंयस ना?”

“तुम्हाला कसं कळलं, जाऊबाई?”

“शार्बान येऊन गेली परवा. इकडचं तिकडचं बोलत होती आणि सारखी माझे प्याले मोजत होती. मी ओळखलं, चिंध्या नेलेल्यांच्या घरी एक प्याला जास्त निघतोय.” तिने तुकडा हातातही घेतला नाही. “आता काय करू मी हे घेऊन? शिवून परत झगा करू?”

“जाऊबाई, येर्मेकला काहीतरी होतंय. आगा कशाने गेले?”

तिने स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं. मग ती म्हणाली, “हृदय चांगलं होतं त्यांचं. स्वतःच गेले ते.”

मी खाली बसले.

“लोकांना काय सांगणार होते मी? असं गेलेल्या माणसासाठी मुल्ला प्रार्थना म्हणेल की नाही, हीच धास्ती. मुलं म्हणाली, आई, हृदय म्हणायचं. मी म्हटलं हृदय. आणि मग तुम्ही सगळ्या आलात चिंध्या न्यायला. भाग्य हवं होतं तुम्हाला.” ती रागाने बोलत नव्हती, थकून बोलत होती. “शेवटचं वर्षभर ते तोरवर बसून असायचे. बोलायचे नाहीत. मी पण नाही विचारलं. एवढं सगळं असलेल्या माणसाला काय विचारायचं? मला रागच यायचा त्यांचा. त्या संध्याकाळी पाहुणे यायचे होते, माझी धावपळ, त्यांनी प्याला पुढे केला आणि मी बघितलंच नाही, ओतत गेले. काठापर्यंत भरला.”

“चुकून?”

“चुकून. ते हसले. म्हणाले, काय गं, घालवतेस मला? मी म्हटलं, हो, तुम्हीच तर एक पाहुणे राहिलाय घरात.” तिने हातानेच डोळे पुसले. “चेष्टा होती, कुल्याश. ते सगळा प्याला प्यायले. सकाळी नव्हते.”

चहाच्या एका प्याल्याने कुणी मरत नाही, हे मला तिला सांगायचं होतं. ते खरंही आहे. आगांच्या मनात ते कितीतरी आधीपासून असणार. पण माझ्या डोळ्यांसमोर माझ्याच दिवाणखान्यातला तो काठोकाठ भरलेला प्याला होता, आणि येर्मेक दुपारी कधीकधी जेवायला घरी येतो.

मी फोन लावला. वाजत राहिला, कुणी उचलला नाही.

७

टॅक्सीवाल्याला मी काय काय बोलले मला आठवत नाही. तो बिचारा सगळे सिग्नल तोडत आला.

दार नुसतं लोटलेलं होतं. येर्मेकचे बूट उंबऱ्यापाशी नीट जोडून ठेवलेले. तो बूट कधी जोडून ठेवत नाही, भिरकावतो. मी हाक मारली. आतून चिनी मातीचा प्याला जमिनीवर सरकल्याचा आवाज आला.

तो तोरवर बसला होता, उसवून काढलेल्या तुकड्याच्या भोकावर. हातात प्याला. अर्ध्याहून जास्त पिऊन झालेला.

“तू ओतून ठेवला होतास ना?” तो म्हणाला. आवाज शांत होता, फोनवरचा गोड आवाज. “मी आलो तर काठोकाठ भरलेला. म्हटलं, बायबिशेलाही कंटाळा आला.”

“तुझ्यासाठी नव्हता तो!”

“माहीत आहे कुणासाठी होता.” त्याने शेजारच्या रिकाम्या गादीकडे पाहिलं. “त्यांनी घेतला नाही. माझ्याकडे सरकवला.”

मी त्याच्या हातातून प्याला हिसकावला. चहा गालिच्यावर सांडला, माझ्या हातावर सांडला, सांडू दे. मी त्याचे दोन्ही खांदे धरले आणि इतके दिवस जे विचारायला घाबरत होते ते विचारलं.

“येर्मेक, तुला मरावंसं वाटतं का?”

तो माझ्याकडे बघत राहिला. मग त्याचं तोंड लहान मुलासारखं वाकडं झालं.

“वाटतं,” तो म्हणाला. “रोज वाटतं. मला मरायचं नाहीये, कुल्याश, पण वाटतं. म्हणून मी हँडलं काढली. मी काढली ती. पिठात ठेवली. म्हटलं तिथे तुझा हात जाईल, तू विचारशील.”

आणि मी झाकण लावून पाव आणायला गेले होते.

“बरं केलंस काढलीस ते,” मी म्हटलं. मी त्याला घट्ट धरलं होतं आणि त्याच्या खांद्यावरून मला मोठी खिडकी दिसत होती. “मग हे परत का बसवलंस?”

“काय?”

मोठ्या खिडकीला हँडल होतं. पांढरं, त्याच्या खाचेत पीठ अडकलेलं. येर्मेकने वळून पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग गेला, आणि त्या क्षणी मला पटलं की त्याला हे माहीत नव्हतं.

“मी नाही बसवलं,” तो म्हणाला.

मी उठून ते हँडल उपटून काढलं आणि कोटाच्या खिशात घातलं. येर्मेकला खिडकीपासून लांब, समोवारच्या या बाजूला, माझ्या गुडघ्याला गुडघा लावून बसवलं. आइगानिमला फोन केला, काही लपवलं नाही. ती रडली आणि म्हणाली, मिळेल त्या विमानाने निघते, तोवर बाबांना एकटं सोडू नकोस. ओळखीच्या डॉक्टरीणबाईंना फोन केला, त्या म्हणाल्या, संध्याकाळी मी स्वतः येते. मग दुसरं काही सुचेना, म्हणून मी एक धुतलेला प्याला घेतला आणि चहा ओतला. तळाशी, घोटभर.

“बस,” मी म्हटलं. “पी आणि बोल. काहीही बोल.”

तो प्यायला आणि बोलला. इतक्या वर्षांत ऐकलं नव्हतं असं बोलला. प्याला परत आला, मी घोटभर ओतला. पुन्हा आला, पुन्हा घोटभर. माझं लक्ष त्याच्या तोंडाकडे होतं, हातांकडे नव्हतं. नळ पुन्हा टिकटिकायला लागले होते. बाहेर उजेड कमी होत होता आणि मी दिवा लावायला उठत नव्हते, कारण उठले तर गुडघ्याला लागलेला त्याचा गुडघा सुटला असता.

मग एकदा येर्मेक बोलता बोलता थांबला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडू लागला. दोन्ही हात त्याच्या तोंडावर होते. आणि माझ्या हातात प्याला आला.

मी खाली पाहिलं. प्याल्याच्या तळाला पांढरा थर होता. प्याला तोरच्या बाजूने आला होता, आणि त्याच्या मागे अंधारात निळी मखमली बाही होती. बाहीला ठिकठिकाणी तळहाताएवढी भोकं होती. त्या भोकांतून काय दिसत होतं ते मी पाहिलं नाही. मी नजर प्याल्यावर ठेवली आणि ती वर जाऊ दिली नाही.

समोवार माझ्या हाताशी होता, भरपूर पाणी होतं. काठोकाठ भरायला किती वेळ लागतो? पण भरलेला प्याला कुठे सरकवला जातो, ते मला आता माहीत होतं.

मी थोडं दूध घातलं, थोडा चहा, थोडं गरम पाणी. अर्ध्याच्या खाली.

“बसा, आगा,” मी म्हटलं. “तुम्ही कसे आहात?”

प्याला माझ्या हातातून हळूच घेतला गेला. येर्मेकने तोंडावरचे हात काढले आणि तोही तिकडे बघू लागला. आम्ही दोघं एकमेकांचा हात धरून उत्तरासाठी थांबलो, बराच वेळ थांबलो. समोवार सूं सूं करत होता. मग अंधारातून पिऊन रिकामा झालेला प्याला पुन्हा माझ्याकडे आला.